तिसरा चाकू मिटेना

तराजूरावांनी तिसरा चाकू उघडला तेव्हा पाहुणे यायला बराच वेळ होता, निदान घड्याळाच्या मते तरी.

त्यांचं खरं नाव ऑफिसातही फारसं कुणाला आठवत नसे. पाइप बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी खात्यात त्यांची हयात गेली होती आणि तीन नमुने शेजारी शेजारी मांडून पाहिल्याशिवाय त्यांनी तिथे टाचणीची डबीसुद्धा घेतली नव्हती. म्हणून लोक त्यांना तराजूराव म्हणत. ऑफिसने ही सवय कामापुरती लावली होती, पण तराजूराव ती रोज संध्याकाळी डब्याबरोबर घरीही आणत.

सध्या पाळी चाकूची होती. रोज खिशात ठेवायचा, घडीचा, छोटासा चाकू. पार्सल उघडायला, सुतळी कापायला, दुपारी सफरचंदाच्या फोडी करायला. जुन्याचं पातं खिळखिळं झालं, तेव्हा त्यांनी ‘वापरून बघतो, नाही पटला तर परत करतो’ या बोलीवर तीन दुकानांतून तीन चाकू आणले. पहिला लाकडी मुठीचा, देखणा, पण खिशात धोंडा ठेवल्यासारखा जड. पाठीवरचा खटका दाबला की तो मिटे. दुसरा हलका, मानेशी गोल कडी असलेला. कडी फिरवली की तो मिटे, पण उघडताना नखाचा जीव जाई. तिसरा काळा, सडपातळ, खिशाला अडकवायची क्लिप असलेला आणि अंगठ्याच्या एका झटक्यात उघडणारा. त्यात काही खोट सापडत नव्हती आणि त्यामुळेच तराजूरावांचा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता.

गेला महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. पुठ्ठे कापून झाले, सुतळी संपली, सफरचंदं खाऊन खाऊन बायको कंटाळली.

“चाकूला तीन नमुने,” ती म्हणाली, “आणि जावयाला एकच! तिथे नाही तो तुमचा तराजू काढलात.”

“जावई मुलीनं आणलाय. नमुने मागवायला मला विचारलं कुणी?”

“बाबा!” मुलगी ओरडली. तिची सकाळपासून घालमेल चालली होती. मुलगा तिने स्वतः पसंत केला होता आणि आज त्याचे आईवडील पहिल्यांदाच घरी येणार होते. मुलाच्या आईची काळजी नव्हती. काळजी होती ती वडिलांची. त्यांनी जन्मभर गाडीच्या लायसन्ससाठी लोकांच्या परीक्षा घेतल्या होत्या. उमेदवार पसंत पडला नाही की ते काही न बोलता गाडीतून उतरून चालू लागत. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, पण सवय सुटली नाही. आता ते लोकांच्या घरातून तसेच उठत.

“चहा निवायच्या आत ते उठले तर समजा, संपलं,” मुलगी रडवेली होऊन म्हणाली. “थोरल्या मुलाच्या वेळी दोन घरांतनं उठलेत. प्लीज बाबा, त्यांना उठावंसं वाटेल असं काही करू नका.”

“मी काय करणार आहे?” तराजूराव म्हणाले आणि अंगठ्याच्या झटक्याने त्यांनी तिसरा चाकू उघडला.

उघडला तो उघडलाच. त्यांनी पाठ दाबली. काही नाही. मान फिरवून पाहिली. काही नाही. दुकानदाराने मिटायची युक्ती दाखवली होती, पण त्या वेळी तराजूराव क्लिपचे स्क्रू मोजत होते. सोबतचा माहितीचा कागद बायकोने सकाळीच केरात टाकला होता. ते कोचापुढे उभे राहून चाकूशी झटत असतानाच घंटा वाजली. परीक्षेला वेळेआधी पोचणाऱ्यांतले ते गृहस्थ! मुलीने दार उघडलंसुद्धा.

होणाऱ्या व्याह्यांचं पहिलं स्वागत नागड्या पात्यानिशी करणं बरं नव्हे, एवढं तराजूरावांना कळत होतं. पहिले दोन चाकू त्यांनी खिशात घातले आणि तिसरा कोचाच्या कोपऱ्यात, बैठक आणि पाठ यांच्या फटीत मुठीकडून खुपसून वर चादर ओढली. पाहुण्यांना खिडकीजवळच्या खुर्च्यांवर बसवायचं आधीच ठरलेलं होतं, तेव्हा चिंता नव्हती.

परीक्षक आत आले. उंच, कोरड्या चेहऱ्याचे, भुवयांनीच नमस्कार करणारे. त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलंही नाही. आयुष्यभर कडेच्या सीटवर बसलेला माणूस! ते सरळ कोचाच्या कोपऱ्यात गेले आणि बसले. बसता बसता त्यांना मोठा खोकला आला, मग ते एकदम ताठ झाले.

“अहो, इकडे या ना,” तराजूराव घाईने म्हणाले, “खिडकीपाशी छान वारा येतो.”

“इथे बरं आहे.”

“तिथे उकडेल हो तुम्हाला.”

“मला उकडत नाही,” परीक्षक म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

बायकोने डोळे वटारले. मुलीने चहा आणला. तराजूरावांनी एक घोट घेतला आणि त्यांच्या नजरेसमोर काळं पातं नाचू लागलं. पाहुणे हलकेच मागे टेकले तरी अनर्थ होईल. तराजूराव पुन्हा पुढे झाले.

“आमची गॅलरी पाहिलीत का? झाडं लावलीत. या, दाखवतो. उठा.”

“नंतर.”

“आत्ताच फुललंय एक. मग कोमेजेल.”

“कोमेजू दे,” परीक्षक म्हणाले.

बायकोने “जरा येता का आत?” म्हणत त्यांना स्वयंपाकघरात ओढलं. “डोकं फिरलंय का तुमचं? पोरगी म्हणतेय ते उठू नयेत आणि तुम्ही उठा उठा लावलंय! चहा निवला त्यांचा, तरी बसलेत. देव पावलाय, देव!”

“अगं, पण तो चाकू—”

“चाकू!” ती दात आवळून म्हणाली. “आजच्या दिवशी चाकूचं नाव काढलंत ना, तर तिन्ही नेऊन नाल्यात टाकीन.”

“पण ते त्या चाकूवरच—”

“एक अक्षर नको!”

तराजूराव बाहेर आले. मुलीचं लग्न एका पारड्यात आणि व्याह्यांचा जीव दुसऱ्या पारड्यात, असा प्रसंग खरेदी खात्यात कधी आला नव्हता. शेवटी त्यांनी मनाचा हिय्या केला. पाण्याचा पेला पुढे करताना त्यांनी मुद्दाम हात लटपटवला आणि सगळं पाणी परीक्षकांच्या मांडीवर ओतलं. ओल्या कपड्यांत माणूस बसून राहत नाही, असा त्यांचा हिशेब होता.

परीक्षक बसून राहिले.

“अरेरे! उठा, उठा, पुसून देतो!”

“असू द्या. गार वाटतं.”

“सर्दी होईल हो!”

“होत नाही,” परीक्षक ठामपणे म्हणाले आणि त्यांनी गुडघे आणखी जवळ घेतले.

आता मात्र होऊ घातलेल्या विहीणबाईंचा चहाचा कप हातातच राहिला. “नवल आहे बाई! ह्यांना इतका वेळ बसलेलं मी आमच्या स्वतःच्या घरात पाहिलं नाही. आणि तेही ओल्या कपड्यांत! घर फारच आवडलेलं दिसतंय.” मुलीचा चेहरा उजळला. बायकोने कृतकृत्य नजरेने छताकडे पाहिलं. विहीणबाई उत्साहाने उठल्या. “चल गं, तुझी खोली दाखव. बसू दे ह्यांना निवांत.” तिघीजणी आत गेल्या.

खोलीत दोघे उरले. तराजूरावांनी घसा खाकरला.

“साहेब, मला एक सांगायचंय.”

“मलाही,” परीक्षक म्हणाले. त्यांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. “तुमच्याकडे एखादी पँट मिळेल का?”

आणि त्यांनी पाठीमागचा हात पुढे आणला. त्यात तो चाकू होता. त्यांनी अंगठ्याने आतली पत्ती बाजूला सारली आणि तो टक्कन मिटला.

“असा मिटतो होय!” तराजूराव हरखून म्हणाले. मग भानावर आले. “तुम्हाला लागलं तर नाही?”

“मला नाही. पँट गेली. पार बुडातून गेली.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय तोंडानं बोलू? हजारो लोकांना नापास केलंय मी. का, तर बसण्याआधी सीट तपासली नाही म्हणून. आमच्या हिला कळलं तर जन्मभर ऐकवेल.”

तराजूरावांना एकाएकी हा माणूस फार आवडला. त्यांनी त्याला भिंतीच्या कडेकडेने, पाठ भिंतीला लावून, शेजारच्या खोलीत नेलं आणि आपली ठेवणीतली पँट काढून दिली. कंबरेला ती सैल होती आणि पायांना आखूड. परीक्षकांनी मात्र ती अजून पायांत चढवली नव्हती. त्यांनी चाकू उघडून पात्यावर अंगठा फिरवला.

“धार चांगली आहे हो. कुठे घेतला?”

“घेतला कुठे अजून! तिघांत तुलना चाललीय.” तराजूरावांनी खिशातून उरलेले दोघे काढले. “तुमचं काय मत?”

“मत असं देता येत नाही. परीक्षा घ्यावी लागते. तिघांना सारखंच काम दिलं पाहिजे.”

गेला महिना तराजूराव नेमकं हेच वाक्य ऐकायला तळमळत होते. सारखं काम हवं, सारखं कापड हवं. दोघांचीही नजर पलंगावरच्या ओल्या पँटवर गेली.

“ती तर गेलीच आहे,” परीक्षक म्हणाले.

पहिल्या चाकूने पँटचा एक पाय चिरला. तो ओलं कापड ओढत गेला. दुसरा शिवणीवर अडला. तिसरा लोण्यातून जावा तसा गेला. “पुन्हा एकदा बघू,” तराजूराव म्हणाले आणि पुन्हा एकदा पाहिलं. परीक्षक नुसत्या चड्डीवर पलंगाच्या कडेला बसून निकाल देत होते, तराजूराव पट्ट्या कापत होते आणि दोघांपैकी कुणालाही आज आपण कशासाठी जमलो आहोत याची आठवण नव्हती.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

“अहो,” विहीणबाई बाहेरून म्हणाल्या, “कपडे बदलताय ना? ओली पँट द्या इकडे. गॅलरीत वाळत घालते.”

दोघांनी पलंगाकडे पाहिलं. तिथे पँट नव्हती, नुसत्या चिंध्या होत्या.

“द्या ना! चांगली नवी पँट आहे, डाग पडेल.”

दाराची कडी हलली. परीक्षकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तराजूरावांची पँट घाईघाईने चढवली, एका हाताने कंबर धरली, दार जेमतेम स्वतःपुरतं उघडलं आणि बाहेर पाऊल टाकून ते मोठ्याने ओरडले, “पँटचं मरू दे! आपल्याला मुलगी पसंत आहे!”

बाहेर एकच कल्लोळ झाला. विहीणबाईंनी मुलीला मिठी मारली. बायको हसत हसत रडू लागली. मुलगी वाकून नमस्कार करू लागली, तेव्हा परीक्षकांना एकाच हाताने आशीर्वाद द्यावा लागला. मुलाला फोन गेला, तारखांची बोलणी सुरू झाली आणि त्या गडबडीत ओल्या पँटची चौकशी करायचं कुणालाही सुचलं नाही.

आत तराजूराव चिंध्या गादीखाली कोंबत होते. पोरीचं भलं झालं, पण ते आपल्या मूर्खपणावर पांघरूण घालायला झालं, हे त्यांना खात होतं. ते बाहेर आले आणि परीक्षकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “साहेब, एका पँटपायी तुम्हाला होकार द्यावा लागला. मनाला लागतंय हो. अजूनही तुमच्या मनात काही असेल तर मोकळेपणाने सांगा.”

परीक्षकांनी घसरणारी कंबर वर ओढली.

“अहो, कसली पँट घेऊन बसलात! तुमच्या मुलीनं दार उघडून ‘या’ म्हटलं ना, तेव्हाच ती मला पसंत पडली होती. चहा घेऊन, उठून, तसं सांगून मी निघणारच होतो. पण उठायची सोय कुठे ठेवली होतीत तुम्ही?”