दहा वाजून बारा मिनिटं

सातपूरच्या सावळीरामकाकांच्या वर्कशॉपमध्ये मुहूर्ताशिवाय साधा स्क्रूसुद्धा पिळला जात नसे. त्यामुळे मशीनला जोडलेल्या जुनाट कॉम्प्युटरवर दीपक नवी लिनक्स सिस्टिम घालणार म्हटल्यावर काकांनी घरी बसून मुहूर्त काढला. बुधवार, सकाळी दहा वाजून बारा मिनिटं.

तयार मिळणारी सिस्टिम त्या कॉम्प्युटरला पेलत नव्हती. तेव्हा मूळ कोडपासून आपणच एक हलकी सिस्टिम बांधू, अशी फुशारकी दीपकनं मारली होती. शनिवारी पुण्याची पार्टी माल बघायला येणार होती. तोवर मशीन चालू झालं तर टेम्पररी दीपक परमनंट होणार होता, नाहीतर त्याला पुन्हा अर्ज घेऊन कंपन्यांचे उंबरे झिजवायचे होते.

या कामात पहिल्यांदा कंपायलर तपासायचा असतो. माणसानं लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा हा प्रोग्राम जुना असेल, तर पुढचं सगळं अडतं. तपासायला दोनच मिनिटं लागतात. पण दीपक तपासायला बसला तेव्हा दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती आणि काका नारळ घेऊन उभे होते.

"काका, फक्त दोन मिनिटं."

"मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबनार हाय का? दाब बटन."

दीपकनं बटण दाबलं. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. स्क्रीनवर ओळी भराभर पळू लागल्या तसे काका खुर्ची ओढून त्या बघत बसले. त्यातलं अक्षरही त्यांना कळत नव्हतं, पण मुहूर्तावर लागलेलं काम मध्ये थांबता कामा नये, हे त्यांनी दीपकला तीनदा बजावलं.

बारा वाजता ते डबा खायला आत गेले आणि ओळी थांबल्या. कंपायलर जुना निघाला. दीपकच्या तोंडचं पाणी पळालं. आता नवा कंपायलर घालून सगळं पहिल्यापासून करायचं, म्हणजे मुहूर्त मोडला हे काकांना सांगणं आलं. लाइट गेली होती म्हणावं, तर डोक्यावर पंखा गरगरत होता. शेवटी खरं काय ते सांगून टाकू, असं ठरवून तो उठला, तर काकाच दारात उभे. हातात मोबाइल आणि चेहरा पार उतरलेला.

"दीपक, ते बंद करता येईल का रे?"

थांबलेल्या ओळी दिसू नयेत म्हणून दीपक स्क्रीनच्या आड सरकला.

"तुझ्या काकूचा फोन व्हता. म्या मुहूर्त काढला तो गेल्या सालच्या कॅलेंडरातून. आज अमावस्या हाय. दोन चाळीसला सुटती." काकांचा आवाज खाली आला. "तुझं झालेलं काम वाया जाईल, मला कळतंय. पन दोन चाळीसनंतर नव्यानं लावशील?"

दीपकचा जीव भांड्यात पडला. मनातल्या मनात त्यानं काकूंचे पाय धरले आणि चेहरा जमेल तेवढा पाडून म्हणाला, "तुमच्या शब्दाबाहेर मी नाही, काका."

अमावस्या सुटेपर्यंत त्यानं नवा कंपायलर घातला आणि मग निवांतपणे एकेक गोष्ट तपासत बसला. काका शेजारी येऊन, इतका वेळ काय चाललंय, विचारू लागले.

"काही नाही. सुरू करायच्या आधी जुनं काही राहिलंय का, एवढं बघून घेतोय. नाहीतर मागून घोळ होतो."

काकांनी मान खाली घातली.

"चुकलं म्हटलं ना बाबा. आता किती टोचशील?"