नागपूरची गोळी

आमच्या शेजारचे बापूरावकाका हातात आलेली कोणतीही वस्तू आधी अंगठ्यानं दाबून बघतात आणि मग विचारतात, "डोळा कोणत्या झाडाचा?" जन्म संत्र्याची कलमं बांधण्यात गेलेला. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे फुटव्याचा कोंब, बांधायचा, हे त्यांचं काम. त्यामुळे मोटारसायकल असो की कोणाची नवी सून, चौकशी तीच. माझ्या साखरपुड्यात त्यांनी थेट माझ्या सासऱ्यांना हा प्रश्न केला. सासरे अजून आमच्याकडे यायचं टाळतात.

काकू गेल्या आणि काकांचा प्रश्न बंद झाला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. नर्सरीतली रोपं वाळली. मग नागपूरच्या डॉक्टरांनी उदासीवरची गोळी सुरू केली. काही आठवड्यांनी काकांनी आमचा नवा मिक्सर अंगठ्यानं दाबून पाहिला, तेव्हा मला रडूच आलं.

गोळी आणायला ते दर महिन्याला रेल्वेनं नागपूरला जात. परवा मला तीच गोळी इथं आमच्या पांढुर्ण्यातच जेनेरिक औषधांच्या दुकानात स्वस्तात मिळाली. दोन्ही पाकिटांवर औषधाचं नाव सर्ट्रालिनच, डोस तोच. डॉक्टरांनीही फोनवर "चालेल" म्हटलं.

"तू मले फसवून राहिला काय?" काका म्हणाले. "पाकीट पाह्य, कसं मरतुकडं हाय!"

"काका, डोळा त्याच झाडाचा. नर्सरी तेवढी दुसरी."

काकांनी दोन्ही पाकिटं फोडली. मग पाण्याच्या दोन पेल्यांत एकेक गोळी टाकून दुपारभर बघत बसले.

"काय झालं?"

"दोन्ही इरघळल्या. पण या नवीची इरघळाची पद्धत मले पटली नाई. आता गोळीच बंद."

आता मात्र मी चिडलो. काकांना पुन्हा भिंतीकडे वळलेलं बघायची माझी तयारी नव्हती. "मनानं गोळी बंद करायची नाही!" मी ओरडलो.

काका हळूच म्हणाले, "गोळी इथंच भेटली, त मी नागपूरले कोणत्या कामानं जाऊ? पोरीच्या घरी बाप बिनाकामाचा जाऊन बसते काय?"

मंजू, त्यांची एकुलती एक मुलगी, नागपूरला दिलेली आहे.

"तुम्ही जात राहा," मी म्हणालो. "गोळी इथली घ्या."

"घेतो. पण मंजूनं विचारलं त सांगजो, पांढुर्ण्यात भेटतच नाई."

संध्याकाळी मंजूचाच फोन आला. "दादा, बाबाची गोळी तिकडे भेटते काय?"

"नाही गं," मी बेधडक सांगितलं.

"बरं हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "अन् भेटली, तरी बाबाले सांगू नका."