वरचे पंधरा

कंपनीचा वार्षिक अहवाल सहदेव मास्तरांनी मोठ्या ऐटीत उघडला आणि घटकाभरात त्यांचा चेहरा उतरला. बायकोच्या काजूबियांचे पैसे त्यांनीच आग्रह करकरून या साबणाच्या कंपनीत घालायला लावले होते. शेअरमागे पंचवीस रुपये मोजले होते आणि इथे भांडवलात दिसत होते दहाच.

"मंग माजे वरचे पंधरा कुटं गेले?" प्रभावतीबाईंनी विचारलं. "त्या पैशात म्हस येनार व्हती."

म्हैस हा त्या घरातला नाजूक विषय होता. त्यातून कंपनीच्या साबणाने अंगाला खाज सुटते, म्हणून तो साबणही घरात कधी आला नव्हता. मास्तर चष्मा पुसून पुन्हा बसले आणि अखेर पंधरा सापडले. 'शेअर प्रीमियम' या नावाखाली ते वेगळे मांडलेले होते, आणि तेही ताळेबंदाच्या 'देणी' बाजूला!

"बघ! कंपनी आपलं देणं लागते. वरचे पैसे दिले की ते देणंच. मागितले की मिळतात."

मास्तरांना ज्ञान पोटात ठेवण्याची सवय नव्हती. दिवस मावळायच्या आत ते सगळ्या वाडीला मिळालं.

शिमगा तोंडावर आला होता. रविवारी मास्तरांच्या अंगणात शिमग्यात सोंगं घेऊन नाचणाऱ्या नमनाच्या मंडळाची बैठक बसली. मंडळात पैसे भरून घेतलेला घरटी एक वाटा असे, गावोगाव खेळ करून मिळालेली बिदागी वाट्याप्रमाणे सारखी वाटली जाई आणि खजिनदार होते मास्तर. गिरणीच्या संपात मुंबईहून परत आलेला धाकू हा सगळ्यांत नवा वाटेकरी. तोच आधी उठला.

"मास्तरांनू, माजे वरचे दीडशे द्या."

"कसले रे?"

"सगल्यांचा वाटा शंभराचा. माज्याकडून अडीचशे घेतलंत. वरचे पैशे म्हंजे देणं, तुमीच बोललात."

मास्तरांनी मृदंग वाजवणाऱ्या लवूकडे पाहिलं. त्या दीडशेचा केव्हाच नवा मृदंग आला होता. लवूने तो पोटाशी घट्ट धरला. "म्हंजे ह्यो इकायचा काय?"

"अरे धाकू," मास्तर कळवळून म्हणाले, "तू आलास तेव्हा सोंगांचे कपडे तयार होते, मंडळाला नाव होतं. ही माणसं वर्षानुवर्षं नाचली, तेव्हा कुठे बिदागी वाढली. त्यात तुला सारखा वाटा मिळाला, त्याचे वरचे दीडशे. ते मंडळातच आहेत. सगळ्यांचे आहेत, तुझेही आहेत."

"मंग देणं का बोललात?"

"देणंच. पण ते आपलं आपल्यालाच. खेळ चालू असताना मागायचं नसतं. खेळ मोडला तर आधी उधारीवाल्यांचं भागवायचं, मग उरेल ते आपण वाटून घ्यायचं."

बोलता बोलता मास्तर थबकले. अहवालातलं ते पान त्यांना आत्ता, स्वतःच्या तोंडून कळत होतं. दारात चहा घेऊन प्रभावतीबाई उभ्या होत्या. मास्तरांना मनापासून लाज वाटली.

"म्हंजे मिरदुंग थोडा माजा पन हाय?" धाकूने विचारलं.

"आहे."

"मंग एकदा वाजवतो." त्याने तो वाजवला. लवूने डोळे मिटून घेतले.

मंडळी गेल्यावर प्रभावतीबाई म्हणाल्या, "म्हंजे माजे पंधरा कंपनीच्या मिरदुंगात गेले."

"होय. चुकलं माझं. मला न कळता मी तुला सांगत बसलो."

"आनि कंपनीचा खेळ मोडला, तर उधारीवाले आदी, आनि आपून मागनं?"

"हो."

त्या चुलीपुढे जाऊन बसल्या. मास्तरांना वाटलं, आता म्हशीचा विषय निघणार. पण निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात कंपनीचा साबण होता. आठवड्याभरात तो वाडीतल्या घराघरांत पोचला. प्रभावतीबाईंनी कुणाला विनवून, कुणाला दटावून तो घ्यायला लावला होता.

धाकू पाठ खाजवत आला. "मास्तरांनू, वैनीनं ह्यो कसला साबन घ्यायला लावलान? आंगाची आग झाली!"

मास्तरांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि स्वतःची मान खाजवत ते हळूच म्हणाले, "खाजव, पण बोलू नको. खेळ मोडता कामा नये."