हिंदुरावकाकांचा जपानी मंत्री

कसबा बावड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या हिंदुरावकाकांना आमदाराचं नाव आठवायला वेळ लागतो. पण महायुद्धातल्या जपानच्या परराष्ट्रमंत्र्याची हकीकत ते धार काढता काढता सांगतात. त्यांची म्हैस एव्हाना इतिहासात पास झाली असती.

"एक पाय बॉम्बनं गेल्याला," काका सुरू करतात, "तरी लाकडी पायावर मंत्री झाला. लढाई हरल्यावर मोठं मोठं गडी मागं सरलं. शत्रूच्या बोटीवर शरणागतीची सही कराय ह्योच गेला, काठी टेकत! वर तुरुंग भोगला. सुटून परत परराष्ट्रमंत्री! हाय का न्हाय?"

"हाय की," म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर गोष्ट पहिल्यापासून.

गल्लीत भांडण लागलं की काका मध्ये. "मंत्र्यानं आसं केलं नसतं," म्हणत समजूत घालतात आणि दोन्हीकडच्या शिव्या खातात.

गेल्या वर्षी लग्न तोंडावर आलं असताना त्यांच्या पुतण्यानं 'मला करायचं नाही' म्हणून फोन बंद केला. मुलगी नेसरीची. तिकडं सांगायला कोण जाणार? थोरल्या भावाची, म्हणजे मुलाच्या बापाची, छाती दुखू लागली. वहिनींना चक्कर आली. मुलाच्या मामांना एकाएकी उसाला पाणी द्यायचं आठवलं.

"मी जातो," काका म्हणाले. गाडी मी चालवली. वाटेत मंत्र्याचं नावसुद्धा निघालं नाही.

नेसरीत दारात मांडव उभा होता. मुलीचे वडील हसत पुढं आले. "या पावणं, बसा."

काकांनी टोपी काढून हातात घेतली. "बसाय तोंड न्हाय. आमच्या पोरानं लगीन मोडलंय. पोरीत काय बी खोट न्हाय. खोट आमच्यात हाय."

तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. मुलगी पाणी घेऊन येत होती, ती उंबऱ्यावरूनच मागं वळली.

वडिलांनी एवढंच विचारलं, "पोराचा बा कुठं हाय?"

काकांनी हात जोडले. मला कुठं बघावं कळेना.

परतताना मी म्हटलं, "काका, त्या मंत्र्यालाही असंच झालं असेल."

"आसंल. पर त्यो देशासाठी गेल्ता. म्या कशासाठी गेलो?"

घरी भावानं विचारलं, "लई बोलले काय?"

"न्हाय. बोलले असते तर बरं झालं असतं."

यंदा त्या मुलीचं दुसरीकडं लग्न झालं. वडिलांनी स्वतः फोन करून काकांना बोलावलं. काका फेटा बांधून माझ्यासोबत गेले खरे, पण कार्यालयाच्या फाटकाबाहेरच गाड्या लावून देत उभे राहिले. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तरी आत येईनात. शेवटी मुलीचे वडील बाहेर आले.

"पावणं, म्या अजून जेवलो न्हाय. चला."

दंडाला धरून त्यांनी काकांना आत नेलं, शेवटच्या पंगतीत आपल्या शेजारी पानावर बसवलं. काकांनी पानावर पाणी शिंपडलं. मग फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत पुटपुटले, "आमटी लई तिखट हाय."

आमटीवाला अजून पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाला होता.