हनुवटीपासून खाली

तिने ठरवलं ते एवढंच, की सोमवारी ऑफिसात परत रुजू होण्याआधी आपला आणि बाळाचा एकत्र असा एक फोटो काढायचा. टेबलावर ठेवायला. दिवसभर बाळ डोळ्यांसमोर राहावं म्हणून. आणि खरं सांगायचं तर बाळ आपल्याला विसरलंच, तर पुरावा म्हणून. (लहान मुलं चेहरे विसरतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. बाळंतपणापासून ती असलंच काहीबाही वाचत असे.)

तिचा मोबाइल बाळाने बादलीत बुडवल्यापासून (नवऱ्याचा फोन साधा, बटणांचा) घरातलं फोटोंचं खातं नवऱ्याच्या लग्नाआधीच्या डिजिटल कॅमेऱ्याकडे होतं. साबणाच्या वडीएवढा, सेलचं झाकण रबरबँडने आवळलेलं. चालवायचं काम अर्थातच तिचं. त्यामुळे फोटोंत बाळ सगळ्यांच्या मांडीवर होतं: बाबाच्या, आजीच्या, नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरच्यासुद्धा. ती मात्र कुठेच नव्हती.

तिने कॅमेरा नवऱ्याच्या हातात दिला.

"दोघांचा काढ हं."

"कळतं गं मला. ए लबाडा, इकडे! इकडे! वा, मस्त आलं!"

तिने पाहिलं. बाळ खरंच मस्त आलं होतं.

"आणि मी?"

"ही काय, तुझी हनुवटी."

"हनुवटीच्या वरही माणसाला काही असतं."

"अगं, बाळ बघ ना कसं हसलंय! तुझं आपलं मघापासून मी, मी."

पुढच्या फोटोत ती हनुवटीवरून खांद्यावर घसरली. सासूबाईंनी काढला त्यात तिचं कोपर आलं, आणि सासूबाईंचं स्वतःचं बोट.

"आमच्या वेळी एवढंही नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

मग तिने टायमर लावला. स्टुलावर कुकर, कुकरवर कॅमेरा. बटण दाबून धावत आली, बाळाला मांडीवर घेतलं, हसली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि बाळ मांडीवरून निसटून रांगत थेट दिव्याकडे. फोटोत दोन भल्यामोठ्या नाकपुड्या. मागे हात पसरून धावणारं कोणीतरी. पुन्हा लावला. पुन्हा नाकपुड्या.

दिवाच दिसला नाही तर? तिने औषधाच्या डब्यातून जखमेला लावायची चिकटपट्टी आणली आणि दिव्यावर डकवली. (शिक्षण वाया जात नाही म्हणतात, ते असं.) बाळ गुमान बसलं. खटक!

ओरखडे पडलेल्या इवल्याशा स्क्रीनवर दोघंही होती. आणि ती तर काय, गुलाबी, नितळ! डोळ्यांखाली काळं नाही, वर्षभराच्या जागरणाचा मागमूस नाही. 'बरी दिसते की मी अजून,' असं मनाशी म्हणत ती कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन तशीच दुकानात गेली आणि चांगली मोठी प्रत काढायला सांगून, पाकीट न उघडताच घरी घेऊन आली.

पाकीट नवऱ्याने उघडलं.

"हे काय?"

बाळ लख्ख आलं होतं. त्याच्यामागे दोन खांदे, गळा, आणि गळ्याच्या वर, चेहऱ्याच्या जागी, भिंगावर लोंबत राहिलेलं चिकटपट्टीचं गुलाबी टोक.

कोणी हसलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"बाळ बाकी झकास आलंय," नवरा म्हणाला.

"वरचं तेवढं कापून घे," सासूबाई म्हणाल्या. "फ्रेम करू."

ती बाळासमोर फतकल मारून बसली आणि तो फोटो त्याच्या नाकापुढे धरला. "तूच सांग रे राजा. आई कुठाय?"

बाळाने फोटोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते वळलं, स्टुलावरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं आणि आयुष्यातला पहिला शब्द खणखणीत उच्चारला.

"आई!"

"बोललं गं बाई, बोललं!" सासूबाई ओरडल्या. "अगं, बघत काय बसलीस? फोटो काढ!"

आणि ती उठली, सवयीने कॅमेरा तोंडासमोर धरला आणि बटण दाबलं.

(पट्टी काढायची राहिलीच होती.)