ऐकणारा सभासद

सभासदत्वाच्या अर्जात 'गायक' आणि 'गायिका' असे दोनच पर्याय छापलेले होते. गुणवंतराव बोंदरे यांनी ते दोन्ही खोडले आणि खाली लिहिलं, 'ऐकणारा'.

नंदनवन वस्तीतल्या आमच्या कराओके ग्रुपकडे असा अर्ज पूर्वी कधी आला नव्हता. नागपुरात माणूस निवृत्त झाला की पहिल्या महिन्यात गुडघे तपासून घेतो आणि दुसऱ्या महिन्यात माईक विकत घेतो. ग्रुपचं नाव काय असावं यावर आमच्यात मतभेद झाले, म्हणून आता दोन ग्रुप आहेत. दर रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये चाळीसेक गायक जमतात. एक जण गात असतो आणि बाकीचे मोबाइलमध्ये मान घालून आपापल्या गाण्याचे शब्द घोकत असतात. टाळ्या सगळेच वाजवतात, कारण टाळ्या झाल्याशिवाय पुढचा नंबर येत नाही.

मी गात नाही. माझी बायको सुनंदा गाते. मी तिला स्कूटरवर नेतो, आणतो आणि मधला वेळ शेवटच्या रांगेत पुस्तक वाचतो.

गुणवंतराव मात्र पहिल्या रांगेत बसत. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर गाणाऱ्याच्या तोंडावर. मोबाइल खिशातून बाहेर नाही. गाणं रंगात आलं की म्हणायचे, "हं, आता सुटला गा हा." गाणं अगदीच वाईट चाललं तर म्हणायचे, "हिंमत पाह्य पोराची." पोराचं वय अडुसष्ट. खोटी स्तुती त्यांनी कधी केली नाही. तरी त्यांच्यासमोर गायलेला माणूस जागेवर परतताना दोन इंच उंच झालेला असे. दुसऱ्या ग्रुपलाही हे कळलं आणि त्यांनी गुणवंतरावांना शनिवारी पळवायला सुरुवात केली.

मला अशा माणसांचा संशय येतो. एवढा चांगुलपणा फुकट मिळतो तेव्हा त्यामागे विमा तरी असतो नाही तर निवडणूक. मी चौकशी केली. तीस वर्षं ते वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर होते.

"किती तक्रारी सोडवल्या?" मी विचारलं.

"सोडवणं माह्या हाती कुठं होतं?" ते म्हणाले. "पण मेच्या महिन्यात लाइट गेलेला माणूस कसा येते, मालूम आहे ना? पुरं ऐकून घेतलं की अर्धा थंड होऊन जाते."

सुनंदा दुसऱ्या कडव्याला हमखास अडकते. शब्द समोर लिहिलेले असतात, तरी अडकते. अशा वेळी गुणवंतराव हनुवटी जराशी वर उचलून सावकाश मान हलवत आणि तिची ओळ सुटत असे.

"गुणवंतभाऊ समोर असले का गाणं पुढं सरकते," ती एकदा घरी म्हणाली.

"मीही असतोच की तिथे."

"हो नं. तुम्ही पुस्तकात असता."

एका रविवारी आमचे अध्यक्ष गात होते. डोळे मिटून गायची त्यांना सवय आहे. श्रोत्यांचे चेहरे बघावे लागत नाहीत. मध्येच स्पीकर बंद पडला. संगीत थांबलं, माईक गेला. अध्यक्षांनी डोळे उघडले आणि साउंडवाल्याकडे तोंड वळवून त्याला झाडायला सुरुवात केली. चांगली दोन मिनिटं झाडलं. ते श्वास घ्यायला थांबले तेव्हा गुणवंतराव मनापासून म्हणाले, "वा. आता सुटला गा हा."

सगळा हॉल हसला. अध्यक्षही हसले. बोंदऱ्यांचा विनोद म्हणून तो त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. पण लोक हसले तेव्हा गुणवंतराव दचकले होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मग सगळ्यांच्या मागून हसले.

कार्यक्रम संपल्यावर ते बाहेर सायकलचं कुलूप काढत होते. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "गुणवंतराव, तुमच्या खांद्यावर पाल आहे."

ते शांतपणे कुलूप काढत राहिले.

मी वळसा घालून समोर गेलो. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं असावं. तीस वर्षं खिडकीत बसलेल्या माणसाला चेहरे वाचायला शिकवावं लागत नाही.

"दोन वर्षं होऊन राहिले," ते म्हणाले. "नुसती गुणगुण येते आता. बाकी ओठावरून समजतो."

"मशीन का नाही लावत?" मी तोंड मोठं करून विचारलं.

"लावलं होतं. हॉलमधी सारं भांडे पडल्यावानी वाजते." मग म्हणाले, "आता मशीनचीच चूक असंल, असंही नाही."

मला हसू आलं, पण प्रश्न तसाच होता. ऐकूच येत नसेल तर हा माणूस दर रविवारी सायकल मारत येतो कशाला? मी विचारलं.

ते सायकलच्या सीटवरची धूळ हातानं पुसत राहिले. "घरी मी एकटा. पोरगी तिकडं बंगलोरले, फोनवर आता बोलणं जमत नाही. इथं चाळीस माणसं एकामागून एक माह्याकडं पाहून तोंड हालवतात. घरी कोण हालवते?"

मी सायकलचं हँडल धरलं.

मग तेच म्हणाले, "पुढच्या रविवारी स्टेजवर कार्यक्रम आहे. वहिनीचं गाणं आहे. इथं मले ओठ दिसतात, तिथं स्टेज उंच, खालून पाहिलं का माईक तोंडाच्या आडवा येते. ती अडकली तर मले कसं समजंल? वेळ चुकली का तिचं गाणं गेलं. अन् लोकाईले समजलं का बोंदरे बहिरा आहे, तर माह्यासमोर कोण गाते?"

"मग काय करायचं?"

"तुम्ही बाजूले बसा. अडकली का माह्या गुडघ्यावर बोट मारा."

त्या रविवारी मी पहिल्यांदा पहिल्या रांगेत बसलो. सुनंदाला मी तिथे दिसलो तेव्हा ती गाण्याआधीच अडकते की काय असं वाटलं. पहिलं कडवं झालं. बोट मारायचं म्हणजे कुठे अडकते ते समजायला हवं आणि त्यासाठी प्रत्येक शब्द ऐकायला हवा. तो मी ऐकत होतो. तिचा आवाज खालच्या सुरात थोडा घोगरा होतो, हे मला लग्नाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं.

दुसऱ्या कडव्याला ती थांबली. मी बोट मारलं. गुणवंतरावांची हनुवटी वर गेली, मान सावकाश हलली आणि ओळ सुटली.

टाळ्या चालू असताना त्यांनी माझ्याकडे तोंड वळवून विचारलं, "घेतली तिनं ओळ?" आवाजाचा अंदाज नसल्यामुळे ते चार रांगांना ऐकू गेलं. मी मान हलवली. पुढचं गाणं अध्यक्षांचं होतं. त्यात गुडघ्यावरून बोट उचलायला मला फुरसतच मिळाली नाही.

नंतरच्या रविवारी आम्हाला हॉलवर पोचायला उशीर झाला. पुढच्या खुर्च्या भरल्या होत्या. फक्त गुणवंतरावांच्या शेजारची एक रिकामी होती. एसटीत जागा धरायला टाकतात तसा तिच्यावर रुमाल टाकलेला होता. मी दारात दिसल्यावर त्यांनी तो उचलला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला.