पंचावन्न इंच आणि एक लाभार्थी

नोएडातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एका रविवारी सकाळी इंदुमतीबाईंनी आपल्या मुलापुढे रीतसर मागणी ठेवली. "विश्वनाथ, मालिकेतली सासू कोण नि सून कोण, काही कळत नाही रे. डोळ्यांनी दगा दिला. जरा मोठा टीव्ही आण."

घरात एकवीस इंची खोका होता. दुसऱ्या कोणी संध्याकाळपर्यंत नवा टीव्ही आणला असता. पण विश्वनाथराव उपसचिव म्हणून निवृत्त झाले होते. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी घर सुटलं, फाइल सुटली नव्हती. वासंतीबाईंना त्यांनी पसंत केलं, तेही तीन स्थळांचा तुलनात्मक तक्ता मांडून.

दुपारी खरेदी समिती नेमली गेली. अध्यक्ष स्वतः, सदस्य वासंतीबाई, तांत्रिक सदस्य मुलगी कृतिका.

"आणि मी?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"आई, तू लाभार्थी. लाभार्थ्याला समितीत घेता येत नाही. हितसंबंधांचा प्रश्न येतो."

दोन महिन्यांत समितीने नऊ शोरूम पालथी घातली आणि एका कंपनीचा संच हेरला. कंपनीचं नाव योग्य वेळी सांगू. बत्तीस इंची घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, तेवढ्यात सेल्समन म्हणाला, "अंकल जी, बत्तीस में क्या रखा है? पचपन लीजिए. चेहरे की एक-एक लकीर दिखेगी. बस, सामने नौ फुट जगह चाहिए." पंचावन्नचा ठराव तिथेच एकमताने मंजूर झाला.

घरी येऊन टेप लावली. भिंतीपासून सोफा साडेसहा फुटांवर, आणि सोफ्यामागे आईचा पलंग.

"पलंग काढला की नऊ फूट होतात," अध्यक्ष म्हणाले.

"पण पापा, आजी झोपणार कुठे?"

"बत्तीसच घेऊ या ना," वासंतीबाई म्हणाल्या.

"ठराव झाल्यावर निकष बदलता येत नाहीत. उद्या कोणी आक्षेप घेतला तर?"

पलंगासाठी पर्यायी जागांची पाहणी झाली. कृतिकाच्या खोलीत ट्रेडमिल होती. तिच्यावर कपडे वाळत होते, त्यामुळे ती वापरात असल्याचा शेरा पडला. मोठ्या बेडरूममध्ये कपाटं होती. बाल्कनीत पलंग ठेवायला सोसायटीची मनाई होती. उरलं करोल बाग. तिथे धाकटे भाऊ अंबादास राहत. त्यांच्या घरी मुलीचं दहावीचं वर्ष म्हणून केबल काढून टाकली होती, पण पलंगापुरती जागा होती.

"अरे, मला जवळूनच काय ते दिसतं," इंदुमतीबाई म्हणाल्या. "नऊ फुटांवरून मी बघू काय?"

"आई, हा तांत्रिक मुद्दा आहे, कृतिकाकडे पाठवतो. आणि तू काही कायमची जात नाहीस. तात्पुरती व्यवस्था आहे."

माणूस वाईट नव्हता. आईवर त्यांचा खरोखर जीव होता. टॅक्सीत तिची पिशवी त्यांनी स्वतः ठेवली आणि पलंगाची पोच अंबादासकडून लिहून घेतली.

दिवाळीला सगळे करोल बागेत जाऊन आले. कृतिकाने मोबाइलवर आजीचं शूटिंग केलं आणि घरी येऊन, तार जोडून, नव्या टीव्हीवर लावलं. भिंतभर आई उभी राहिली. कपाळावरची सुरकुती न् सुरकुती, नाकातल्या चमकीचा खडा, पदराला मारलेले टाके, सगळं दिसू लागलं.

"अहो," वासंतीबाई हळूच म्हणाल्या, "आईंच्या डोळ्यांत पाणी आहे."

विश्वनाथराव सोफ्यावरून पुढे वाकले. "बघितलंस? आपल्या खोक्यावर हे दिसलंच नसतं." त्यांनी उठून फाइल काढली आणि शेवटचा शेरा लिहिला : उद्दिष्ट साध्य. लाभार्थी अत्यंत स्पष्ट दिसतो.

ही हकिगत आम्ही आजवर चार-पाच घरांत सांगितली, त्या त्या घरच्या टीव्हीचा आवाज कमी करायला लावून. पलंग परत आला का, हे एकानेही विचारलं नाही. कंपनी कोणती, हे सगळ्यांनी विचारलं. तुम्हीही त्यासाठीच थांबला असाल, तर तुमच्या हॉलमध्ये नऊ फूट जागा आहे का, आणि नसेल तर तिथे कोण झोपतं, तेवढं आधी कळवा.